पांढरा पडला का?

निर्मलाबाई आडेनं जन्मात समुद्र पाहिला नाही. पण समुद्रातले मासे तिच्या घरात जेवढे आहेत तेवढे हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडे नसतील. खोटं वाटत असेल तर आखाडा बाळापूरला उतरा, वरच्या तांड्याला जाणारा कोणताही ऑटो धरा आणि मासेवाल्या याडीचं घर विचारा. याडी म्हणजे आई. तांड्यातले पोटचे-परके सगळे तिला याडीच म्हणतात.

घरात शिरलं की समोरच्या भिंतीला एक शोकेस आहे. थोरल्या रूपसिंगच्या लग्नात आलेलं. लोकांच्या शोकेसात काय असतं? न वापरलेला डिनरसेट, काचेचा ताजमहाल, पोराला कबड्डीत मिळालेली ढाल. निर्मलाबाईच्या शोकेसात मासे आहेत. कोणी करंगळीएवढा, कोणी तळहातावर मावेल एवढा. आहेत प्लास्टिकचेच, पण असे हुबेहूब की पहिल्यांदा पाहणारा बोट लावायला धजत नाही. एकाचं डोकं हातोड्यासारखं आडवं. एकाच्या पाठीवर पांढरे ठिपके आणि तोंड केवढं, तर त्याला सगळा तांडा गिळता यावा. एकाच्या नाकाला करवत. एक कपाळावर दिवा घेऊन फिरणारा. एक तर असा की त्याचं मागलं अर्धं अंग करायचं देव विसरूनच गेला. कल्ल्यांच्या चिरा, पोटाखालचा फिकट रंग, डोळ्यातला ओलेपणा, सगळं जिथल्या तिथं. आणि सगळे जपानचे.

त्यांच्या खाली निळं कापड आहे. ते निर्मलाबाईनं स्वतः कशिदा घालून केलं. त्यात बारके आरसे, कडेनं कवड्यांची रांग. सकाळी दारातून ऊन आत आलं की आरसे लकाकतात आणि मासे पाण्यात असल्यासारखे दिसतात. ती स्वतः अजून जुन्या वळणाचा पेहराव करते, आरशांचा, कवड्यांचा. कोणी विचारलं तर म्हणते, "कवड्याबी तिकडच्याच हायत. आमी पिढ्यान्‌पिढ्या समुद्र अंगावर घालूनच हिंडून राहिलो." घरात सगळं गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत चालतं, पण आपण ते मराठीतच सांगू, म्हणजे सगळ्यांना कळेल.

आता तांड्यातल्या बाईला जपानचे मासे कोण आणून देणार? तर तिचा धाकटा, फुलसिंग.

फुलसिंग म्हणजे गोड बोलून खोटं सांगणारं पोरगं. तसलं वाईट खोटं नव्हे. समोरच्याचा जीव हलका व्हावा म्हणून सांगितलेलं. गणितात नापास झाला तेव्हा घरी येऊन म्हणाला, "मास्तर म्हणले, तुझं अक्षर लई सुरेख हाय." आईनं शेजारणीला बोलावून त्याचं अक्षर दाखवलं. असा तो. बारावी झाल्यावर नांदेडला हॉटेलात लागला, तिथून कोणाच्या तरी ओळखीनं मुंबईला जाऊन कसलंसं ट्रेनिंग घेतलं, आणि एक दिवस फोन करून सांगितलं की मला जहाजावर नोकरी लागली. मालवाहू जहाज, आणि काम भटारखान्यात. कांदे सोलायचे, भांडी घासायची, साहेब लोकांना ताट नेऊन द्यायचं.

निर्मलाबाईनं विचारलं, "समुद्र केवढा असतो रे?"

फुलसिंग तिला मोटारसायकलवर बसवून ईसापूरच्या धरणावर घेऊन गेला. पाण्याकडं हात करून म्हणाला, "ह्याच्यापेक्षा जरासा मोठा."

"पल्ल्याडचा काठ दिसतो का?"

"दिसतो की. ऊन चांगलं पडलं तं बराबर दिसतो."

तेवढ्यावर त्या माउलीनं त्याला जाऊ दिलं. पण त्याच दिवशी धरणाच्या काठावर एका कोळ्यानं जाळ्यातून एक दांडगा मासा काढून टाकला होता. त्याचं उघडं तोंड तिनं पाहिलं आणि ते तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. धरणात असला तर समुद्रात कसला असेल? लाटेला ती भ्यायची नाही, लाट म्हणजे शेवटी पाणीच. वाऱ्याला भ्यायची नाही. तिची सगळी भीती त्या तोंडाची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, तशी गत. पोरगं तिकडं सुखानं कांदे चिरत असायचं आणि ही इकडं घास हातात धरून बसायची.

पहिल्या सुट्टीला फुलसिंग आला आणि त्याला हे कळलं. आल्या आल्या त्यानं बॅगेतून एक प्लास्टिकचा गोळा काढला, लिंबापेक्षा थोरला. दाबला तसा तो दुभंगला. आत कागदात गुंडाळलेला ठिपक्यांचा मासा.

"घे, याडी. समुद्रातला सगळ्यात मोठा मासा ह्योच. आपल्या अख्ख्या तांड्याएवढा असतो. पन खातो काय, तं पान्यातला भुगा. मानसाकडं बघतबी न्हाई."

"खरं?"

"मी सवता पाहिला. जहाजाच्या बाजूनं चालला व्हता, आपल्या म्हशीवानी."

त्यानं पाहिला होता की नव्हता, देव जाणे. पण निर्मलाबाईनं मासा उलटा-सुलटा करून पाहिला, त्याच्या तोंडात करंगळी घालून पाहिली, आणि त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मग तो रिवाजच पडला. जपानच्या बंदरात जहाज लागलं की दुकानांबाहेर मशीनच मशीन असतात, असं तो सांगायचा. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, गोळा खाली पडतो. कोणता मासा पडेल हे आपल्या हातात नाही. औंढ्याच्या जत्रेतल्या सोडतीसारखं, ज्याचं जसं नशीब. दर सुट्टीला तो गोळे आणायचा आणि एकेका माशाची हमी द्यायचा. हातोड्याच्या डोक्याचा? तो लाजाळू. करवतवाला? चिखलात तोंड खुपसून बसतो. दिवेवाला? तो इतका खोल राहतो की त्याची न् माणसाची गाठच पडत नाही. एकेक मासा शोकेसात गेला आणि एकेक भीती तिच्या मनातून गेली.

पुढं पुढं बाईला भीतीपेक्षा नाद लागला. तोच मासा दुसऱ्यांदा पडला तर म्हणायची, बरं झालं, जोडी लागली. कशिद्याला सरावलेले तिचे डोळे. रंग उडाला असेल तर लगेच दिसायचा. "ह्याच्या शेपटीची कड पुसट हाय, बदलून आन." जहाजावर एक फिलिपिनो आचारी होता, त्यालाही हाच छंद. फुलसिंग त्याच्याकडून अदलाबदल करून आणायचा. निर्मलाबाईनं माशांना नावं ठेवली. ठिपक्यांच्या मोठ्या तोंडवाल्याचं नाव देविदास नाईक. देविदास हे तांड्याचे नाईक, पंच म्हणा, आणि त्यांचं तोंड कधी मिटलेलं कोणी पाहिलं नाही. ते एकदा मुद्दाम स्वतःला पाहायला आले. पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि चहा न घेताच गेले.

मधल्या काळात फुलसिंगचं लग्न झालं. शिरड शहापूरकडची पोरगी, रीता. अबोल, कामाला चलाख. त्यांना प्रियंका झाली. प्रियंकाला बोलता येऊ लागलं तसा तिचा एक खेळ ठरला. आजीच्या कडेवर बसून शोकेस उघडायला लावायचं आणि एकेका माशाकडं बोट करून विचारायचं, "दादी, ह्यो चावतो का?" दादी म्हणायची, "न्हाई गं चावत." की ही त्याच्या तोंडात बोट घालणार.

सगळं असं छान चाललेलं. पण सुखाला दृष्ट लागायला कुठं वेळ लागतो. एके दिवशी रूपसिंगनं ऑटोच्या स्टँडवर बसल्या बसल्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला आणि घरी आणून आईला दाखवला. पाठ राखाडी, पोट पांढरं, पाण्यातून उसळून वर आलेला, आणि जबडा असा की आत दातांच्या रांगांमागं रांगा. निर्मलाबाईनं ते पाहिलं आणि शोकेसाकडं पाहिलं. तो त्यात नव्हता.

फुलसिंगचा फोन आला तेव्हा पहिला प्रश्न हाच. "तो पांढरा काहून आनला न्हाईस?"

पलीकडं फुलसिंग खाकरला. मग हसला. "मी थोडाच निवडून घेतो याडी? मशीन देईल तो घ्यायचा. माझ्या हाताला तो पडलाच न्हाई कधी."

"कधीच?"

"कधीच न्हाई. माझ्या नशिबातच न्हाई तो."

झालं. त्या दिवसापासून निर्मलाबाईच्या मनानं एक गाठ मारून घेतली. ज्याच्या हाताला तो पडत नाही, त्याला तो भेटत नाही. देव तारी त्याला कोण मारी. मशीन काय, गोळा काय, देवाचाच तो कौल, असं तिनं ठरवून टाकलं. मग दर फोनला पहिला प्रश्न, "जेवलास का?" आणि दुसरा, "पांढरा पडला का?"

"न्हाई पडला."

"बरं झालं. ठेव मंग."

तांड्यातल्या टवाळ पोरांनी हे ऐकलं. मग काय विचारता. कोणी बाजार करून आला, कोणी परीक्षा देऊन आला, की "काय गड्या, पांढरा पडला का?" "न्हाई पडला." म्हणजे सगळं ठीक आहे, असा त्याचा अर्थ. रूपसिंगही ऑटो लावून घरात शिरताना आईला चिडवायचा, "न्हाई पडला गं." निर्मलाबाई हसायची, पण तिचं हसू वरवरचं. तिच्यासाठी तो खेळ नव्हता.

गेल्याच्या गेल्या साली, सोयाबीन फुलात असताना, मुंबईहून फोन आला. रूपसिंग बाळापूरच्या स्टँडवर होता. त्यानं बसलेल्या सवाऱ्या उतरवल्या आणि रिकामा ऑटो घेऊन घरी आला. निर्मलाबाई ओसरीवर सुईत दोरा ओवत होती. रीता पोरीला न्हाऊ घालत होती.

"याडी," रूपसिंग उभ्यानंच म्हणाला, "फुलसिंग जहाजावरून पान्यात गेला. तुफान व्हतं. लाट आली आन् घेऊन गेली. जहाज फिरून फिरून शोधलं म्हनतेत. दुसऱ्या जहाजांनीबी शोधलं. न्हाई सापडला."

निर्मलाबाईनं सुई कापडात टोचून ठेवली. "पांढरा पडला व्हता का त्याला?"

रूपसिंगला समजेना. "काय?"

"पडला न्हाई ना? मंग काहीबी झालं न्हाई माझ्या पोराला. पवत असंल. कुठं तरी काठाला लागला असंल. दिसतो म्हणला व्हता काठ."

रीताच्या हातातून तांब्या निसटला आणि तिनं हंबरडा फोडला. निर्मलाबाई उठली, सुनेपाशी गेली आणि तिच्या तोंडावर हात दाबला. "रडायचं न्हाई. जित्या मानसावर रडत्यात का?"

तांड्यात माणूस गेलं की बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. त्याच्या खोड्या, त्याच्या आवडीनिवडी, त्याचं चालणं-बोलणं, सगळं त्या रडण्यात गुंफून म्हणतात. जाणाऱ्याला त्यानं वाट मिळते, मागच्यांना त्यानं श्वास घेता येतो. फुलसिंगसाठी असं कोणी रडलं नाही. बाया पदर सावरत आल्या, निर्मलाबाईनं त्यांना चहा पाजला आणि माशांचे किस्से सांगून परत पाठवलं. रीताच्या घशात ते रडणं अडकलं ते तसंच राहिलं. तिचा बाप न्यायला आला, ती गेली नाही. कापूस वेचायला जायची, तिथंही तोंडाला पदर लावून असायची. बाकीच्या बायांना कळायचं, पण याडीच्या धाकानं कोणी जवळ घेत नव्हतं. "पांढरा पडला का?" हे विचारणंही तांड्यातून आपोआप बंद झालं.

कंपनीच्या माणसानं दिलेली फुलसिंगची बॅग रूपसिंग मुंबईहून घेऊन आला. निर्मलाबाईनं कुलपाला कोणाला हात लावू दिला नाही. "त्याची हाय, तोच येऊन उघडन." बॅग तिच्या खाटेखाली गेली.

दिवाळी आली. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यात घरोघर धबुकार देतात. चुलीतले निखारे ओढायचे, घरच्या कर्त्यानं समोर बसायचं, आणि घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन निखाऱ्यावर लापशी नि तूप घालायचं. तूप पडलं की जाळ उठतो, म्हणजे त्याचं जेवण त्याला पोचलं. रूपसिंगनं आज्याचं नाव घेतलं, पणज्याचं घेतलं, बापाचं घेतलं. मग पळी तशीच हातात धरून आईकडं पाहिलं.

"बस्स," निर्मलाबाई म्हणाली.

देविदास नाईकांनी दुपारी येऊन समजावलं. "याडी, मी तुझ्या बराबरीचा हाय, म्हणून बोलतो. लेकरू उपाशी फिरून राहिलं. नाव घेतल्याबिगर त्याला घास मिळायचा न्हाई. आन् त्या सुनेकडं बघ. ती ना सधवा, ना विधवा."

"नाईक," निर्मलाबाई म्हणाली, "लई पुळका आला असंल तं तुमच्या पोराचं नाव टाका आगीत."

असं बोलणं बरं का? पण बोलली. नाईक उठले, आणि मोठ्या तोंडाचा तो माणूस एक शब्द न बोलता गेला. रीता आत दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

वर्ष गेलं. निर्मलाबाई शोकेस पुसायची, कवड्या टाचायची, फोन वाजला की मान वर करायची. पुन्हा दिवाळी आली. घर सारवायला काढलं, सामानसुमान अंगणात आलं. खाटेखालची बॅग काढताना रीताला दिसलं की कोपऱ्याला उंदरांनी भोक पाडलंय. तिनं उचलली तशी त्या भोकातून एक प्लास्टिकचा गोळा निसटला आणि अंगणाच्या उतारानं घरंगळत थेट निर्मलाबाईच्या पायाशी येऊन थांबला.

निर्मलाबाईनं तो उचलला. तिच्या बोटांना ते गोळे पाठ होते. दोन्ही अंगठ्यांनी दाबला, तसा दुभंगला. कागद सोडला. राखाडी पाठ, पांढरं पोट, उघडा जबडा, दातांमागं दात.

 रूपसिंग बादली धरून उभा होता. निर्मलाबाई खाली बसली आणि म्हणाली, "कुलूप फोड."

रूपसिंगनं फोडलं. आत कपडे, दाढीचं सामान, प्रियंकासाठी घेतलेला फ्रॉक, जो तिला आता येणार नव्हता. आणि तळाला एक लोकरीचा पायमोजा, ठासून भरलेला. रीतानं तो सासूच्या पुढ्यात उपडा केला. गोळे नव्हते, नुसते मासे. सगळे तेच. पांढरा, पांढरा आणि पांढरा. काही नवे कोरे, काही रंग उडालेले, म्हणजे किती वर्षांपासूनचे. मोजायचं कोणाच्याच मनात आलं नाही.

"तुला ठाऊक व्हतं?" निर्मलाबाईनं सुनेला विचारलं.

"व्हय," रीता म्हणाली.

"कधीपासून?"

"लगीन झालं तवापासून. पहिला तं त्यांना तुमी विचारायच्या आधीच पडला व्हता. तुमी भ्याल म्हणून आनला न्हाई म्हणले. मंग तुमी विचारलं, आन् 'न्हाई' म्हणून बसले. मंग तो पडतच गेला." रीताचा आवाज सपाट होता. "मी म्हणलं, फेकून द्या समुद्रात. तं म्हणले, हात व्हत न्हाई, जनू आपनच त्याला बोलावून राहिलो असं वाटतं. म्हणलं, त्या आचाऱ्याला द्या. तं म्हणले, त्याच्यामागं कशाला लावू, त्यालाबी लेकरं हायत. म्हणून ठेवले. प्रत्येक बारीला मशीनपुढं उभं राहिलं की हात कापतो म्हणायचे. तरीबी मूठ फिरवायचे. याडीला मासा न्यायचाय म्हणून."

निर्मलाबाई त्या ढिगाकडं पाहत राहिली. पोरानं आपल्याला फसवलं याचं तिला काही नव्हतं. ते पोरगं जन्मापासून तसंच. तिला दिसत होतं ते एवढंच: परक्या मुलखात, परक्या दुकानापुढं उभा असलेला तिचा फुलसिंग, गोळा उघडून आत पाहतोय, आणि आतला पाहून त्याचा चेहरा उतरतोय, आणि जवळ कोणी नाही. आपली भीती त्यानं एकेक करून काढून घेतली. आणि काढून ठेवायची कुठं, तर स्वतःच्या पायमोज्यात. ती भीती त्याला दिली कोणी? आपणच. दर फोनला, "पांढरा पडला का?" विचारून विचारून.

"किती भ्यालं असंल माझं लेकरू," ती म्हणाली. "आन् मी फोन ठेवून निवांत झोपून राहायची."

मग तिनं सुनेकडं पाहिलं, कधी नव्हे ते नीट. गालफडं बसलेली, ओठ कोरडे, वयापेक्षा म्हातारी दिसणारी पोरगी. "तू मला सांगितलं काहून न्हाई गं? सांगितलं असतंस तं मी त्याच दिवशी समजले असते. तुला रडता आलं असतं."

"तुमच्याजवळ तेवढंच उरलं व्हतं, याडी," रीता म्हणाली. "ते कसं घेऊ?"

निर्मलाबाई उठली. पायमोजा उचलून तिनं झटकला, धुवायच्या कपड्यांत टाकला आणि सारवण पुढं चालू केलं. 

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रूपसिंगनं निखारे ओढले. लापशीचं पातेलं, तुपाची वाटी, पाण्याचा तांब्या. आज्याचं नाव झालं, पणज्याचं झालं, बापाचं झालं. पळी खाली ठेवायला त्यानं हात वळवला, कारण गेल्या सालचं बोलणं तो विसरला नव्हता. निर्मलाबाईनं त्याच्या हातातून पळी घेतली. हे काम पुरुषाचं, पण रूपसिंग बाजूला सरकला. दारात देविदास नाईक उभे होते, दर दिवाळीला येतात तसे. त्यांनीही अडवलं नाही.

तिनं तुपाची पळी भरली. तूप काठावरून सांडत होतं.

"वाडवडिलांनो," ती निखाऱ्याला म्हणाली, "तुमी त्याच समुद्राचं मीठ बैलांवर घालून मुलूखभर वाहिलं. मला वाटलं, समुद्र आपली वळख ठेवील. न्हाई ठेवली. आता माझं लेकरू तुमच्या पंगतीला येऊन राहिलं. नवं हाय, लाजंल. त्याला मधी बसवा. आन् खोटं बोलंल, पोट भरलं म्हनंल, पन त्याचं ऐकू नका. वाढा त्याला." मग ती निखाऱ्याकडं वाकली. "फुलसिंग, घे बाबा. जेव."

तूप पडलं आणि जाळ उठला.

रीता भिंतीला टेकून उभी होती, ती तिथंच खाली बसली. पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाजच येईना. नुसतं तोंड उघडं. निर्मलाबाई उठून गेली, तिच्या गळ्यात हात टाकला, आणि सूर तिनं स्वतः धरला. गोड बोलणाऱ्या माझ्या खोटारड्या, अक्षर सुरेख असलेल्या माझ्या लेका, धरणाएवढा समुद्र सांगणाऱ्या, काठ दिसतो म्हणणाऱ्या. तेव्हा कुठं रीताचा कंठ मोकळा झाला. तो आवाज तांड्याच्या पार खालच्या घरापर्यंत गेला. बाया हातातलं टाकून आल्या, एकेकीनं एकेकीच्या गळ्यात हात टाकले, आणि सव्वा वर्ष थांबलेलं रडणं त्या सकाळी झालं. नाईक दाराबाहेर जाऊन पाठमोरे बसले, पटका डोळ्यांना लावून.

ऊन वर आलं तेव्हा बाया पांगल्या. रीता चुलीशेजारीच झोपी गेली होती, कितीतरी महिन्यांनी अशी गाढ. निर्मलाबाईनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं. मग शोकेस उघडलं, पुढच्या रांगेतले मासे मागं सरकवले आणि पदरात आणलेले पांढरे एकेक करून निळ्या कापडावर मांडले. आरशांवर ऊन पडलं होतं.

प्रियंका मागून आली. आता ती कडेवर मावत नव्हती, आजीचा हात धरून टाचा उंचावून पाहू लागली. नव्या माशाचे दात तिनं बराच वेळ निरखले.

"दादी, ह्यो चावतो का?"

निर्मलाबाईनं तो मासा उचलला. त्याच्या जबड्यावरून अंगठा फिरवला. दात खरंच टोकदार होते, बनवणाऱ्यानं काही कसर ठेवली नव्हती.

"न्हाई गं," ती म्हणाली. "ह्योबी न्हाई चावत. तुझ्या बानं सांगितलंय."

प्रियंकानं त्याच्या तोंडात बोट घातलं.